समोरच्याचा क्लोजअप

व्हेंचुरा, ३ फेब्रुवारी

लेलंड,

फोन करणार होते, पण फोनवर तू अभिनय करतोस. कागदावर निदान तुझा आवाज नसतो. उत्तरही कागदावरच दे.

आधी कामाचं. पुढच्या महिन्यात सांता क्लॅरिटाच्या स्टुडिओत एका मालिकेचं चित्रीकरण आहे आणि त्यात तू एका म्हाताऱ्याची भूमिका घेतली आहेस. भाऊ मेल्याचं त्याला फार उशिरा कळतं. तो कॉरोनरच्या, म्हणजे बेवारस मृतांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कचेरीत येतो, आणि खिडकीपलीकडची कारकून बाई त्याला सांगते की प्रेत न्यायला कोणी आलं नाही, म्हणून सरकारने ते आधीच जाळलं. एवढंच दृश्य. तुझ्या डाव्या हातचा मळ.

ती कारकून बाई थिया आहे.

तुला हे ठाऊक नव्हतं असं मी धरून चालते. घटस्फोटानंतर आपली मुलगी माझं आडनाव लावते, आणि तिचं आडनाव काय हे विचारायची वेळ तुझ्यावर कधी आली नाही. मला कळलं ते योलांडाकडून. त्या मालिकेची कंटिन्युइटी, कुठल्या शॉटमध्ये काय कुठे होतं याच्या नोंदी, ती सांभाळते. तिला ते काम मी शिकवलं, म्हणून दोन नावं एका पानावर दिसताच तिने आधी मला कळवलं.

हे काम थियाने स्वतःच्या हिमतीवर मिळवलं आहे. दिवसभर ती दाताच्या डॉक्टरकडे काउंटरवर बसते, आणि दोन वर्षं झाली, संध्याकाळी आमच्या गावातल्या छोट्या थिएटरात नाटकं करते. त्यातलं एक पाहून कास्टिंगवाल्या बाईने तिला बोलावलं. कोणी शब्द टाकलेला नाही. 'कोणाची कोण' असं कोणी विचारलेलं नाही. बाविसाव्या वर्षी ती कॅमेऱ्यासमोरून उठून गेली, ती आता चव्वेचाळिसाव्या वर्षी परत बसते आहे. एका दिवसाचं काम आहे. तो एक दिवस तिचा आहे.

तेव्हा तू माघार घे. कारण मी देते: तुझा खुबा. बदलून घेतल्यापासून त्याचं कौतुक तू सगळ्या शहराला ऐकवतोस, एकदा तरी तो कोणाच्या उपयोगी पडू दे. त्यांना दुसरा म्हातारा मिळेल. तुम्ही पुष्कळ आहात.

तुझं यात काहीही जात नाही. पन्नास वर्षांत शेरीफ, न्यायाधीश, पाद्री, शवपेट्या विकणारा, सगळं करून झालंय. तुझा चेहरा अख्ख्या देशाला माहीत आहे आणि नाव कोणालाच नाही. बेकर्सफील्डच्या पेट्रोल पंपावरचा तो माणूस आठवतो? "अहो डॉक्टर, तुम्हीच ना आमच्या आईचं पित्ताशय काढलंत?" आणि तू गंभीर चेहऱ्याने म्हणालास, "हो. आता कशी आहे तब्येत?" मी गाडीत बसून हसले होते. तेव्हा मला ते विनोदी वाटायचं.

आठवडाभरात कळव.

व्हर्ना


व्हेंचुरा, १४ फेब्रुवारी

लेलंड,

चार पानं लिहिलीस आणि 'माघार घेतो' एवढे दोन शब्द त्यात मावले नाहीत.

'नियतीनेच आम्हा दोघांना समोरासमोर आणलं' हे वाक्य मी दोनदा वाचलं. कुठल्या तरी पाद्र्याच्या भूमिकेतलं असावं. नियतीने काही आणलेलं नाही. एका कास्टिंगवाल्या बाईला एक म्हातारा हवा होता.

आणि पुढे हे: 'शनिवारच्या माझ्या अभिनयाच्या वर्गानंतर तिला माझ्याकडे पाठव, तासाभरात तयार करतो.' शब्दाला शब्द उतरवून घेतलाय, नंतर 'असं मी म्हणालोच नव्हतो' नको.

तयार करतो? लेलंड, नटाने दुसऱ्या नटाला सूचना द्यायची नसते. हा नियम मी केलेला नाही, तुमच्या धंद्याचाच आहे, आणि तूच तो लोकांच्या गळी उतरवत आला आहेस. एका नवख्या नटाने तुला नुसतं म्हटलं होतं, "सर, ती ओळ जरा सावकाश घेतलीत तर?" तू आठवडाभर त्याच्याशी बोलला नव्हतास. जेवणाच्या रांगेतही त्याच्याकडे पाठ करून उभा राहायचास. थिया तुझ्या समोरची नटी असणार आहे, तुझी विद्यार्थिनी नाही. तिला एक शब्द सुचवायचा नाही. भुवई उचलूनसुद्धा नाही. तुझ्या भुवया बोलतात, त्याचेच तर तुला पैसे मिळतात.

आता त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल. 'त्या दिवशी मला निघावं लागलं, तरी तिच्या दुसऱ्या टेकपर्यंत मी होतो' असं तू लिहिलंस.

तू नव्हतास. ही माझी नोकरी होती, विसरलास? ग्लास कुठल्या हातात होता, सिगारेट किती जळली होती, कोण कुठे होतं, हे लक्षात ठेवायचे मला पैसे मिळत. तुझी आठवण तुझ्यापाशी ठेव, जे घडलं ते मी सांगते.

बावीस वर्षांपूर्वीचा तो सिनेमा, तुरुंगातल्या भेटीचं दृश्य होतं. टेबलाच्या एका बाजूला तू, कैदी बाप. दुसऱ्या बाजूला थिया, मुलगी. दिग्दर्शकाने आधी तुझा क्लोजअप घेतला. थिया कॅमेऱ्याशेजारी स्टुलावर बसून तुला तिचे संवाद देत होती. तिच्याकडे कॅमेरा नव्हता, तरी ती खरी रडत होती. तू तिच्याकडे बघितलंस, आणि तुझ्या चेहऱ्यावर जे आलं त्यावर तुला पुढे बक्षीस मिळालं. मग कॅमेरा फिरवला, दिवे हलवले, आता तिची पाळी. कॅमेऱ्याशेजारच्या त्या स्टुलावर तू बसायला हवं होतंस. तू कोट चढवत होतास. कोणा निर्मात्याबरोबर जेवायला जायचं होतं. मी म्हटलं, "लेलंड, तिचं व्हायचंय अजून." तू म्हणालास, "माझीच मुलगी आहे गं. भिंतीसमोरसुद्धा करेल." आणि गेलास.

नट निघून गेला की त्याचे संवाद कंटिन्युइटीवाली वाचते. म्हणजे मी. आणि कंटिन्युइटीवालीने अभिनय करायचा नसतो, सपाट वाचायचं असतं, नाहीतर समोरच्याचा ठेका बिघडतो. स्टुलावर बसून मी माझ्या मुलीला तिच्या बापाचे शब्द वाचून दाखवले. 'तू यायला नको होतंस, बाळा.' किराण्याच्या पावतीसारखे. ती माझ्याकडे बघायची आणि तिची ओळ अडायची. पुन्हा. पुन्हा. दिग्दर्शक चांगला माणूस होता, शेवटी म्हणाला, "राहू दे, काहीतरी करू." सिनेमात त्या दृश्यात तुझा चेहरा आहे आणि थियाची मान आहे. मागून. केस वर बांधलेले.

तुझ्या त्या बक्षिसावर तुझी अभिनयाची शाळा उभी राहिली, आणि शाळेचं ब्रीदवाक्य काय, तर 'समोरच्याच्या क्लोजअपला थांबा.' मला हे कसं कळलं ते ऐक. आमच्या थिएटरात डेझमंड नावाचा एक जण नेपथ्य रंगवतो. मागे कधीतरी तुझ्याकडे शिकायला होता. परवा त्याच्या हातात कॉफीचा मग होता, त्यावर हे वाक्य छापलेलं.

मी म्हटलं, "कोणाचं रे हे?"

"आमच्या सरांचं. लेलंड स्ट्राउड. तुम्ही चेहऱ्याने ओळखाल."

"चेहऱ्याने ओळखते."

"काय माणूस आहे! एकदा म्हणे ताप होता, अंग भाजत होतं, तरी सर आपल्या मुलीच्या क्लोजअपला शेवटच्या टेकपर्यंत थांबले. मोठं जेवणाचं बोलावणं आलेलं, तेही सोडलं. सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं बघा."

"कुठल्या डोळ्यात? डाव्या?"

तो चपापला. "तुम्हाला कसं माहीत?"

"त्यांचा तोच डोळा चांगला पाणावतो," मी म्हटलं.

थिया तिथेच मागे उभी राहून पडद्याच्या दोऱ्या गुंडाळत होती. तिने ऐकलं. गुंडाळत राहिली.

माघार घे.

व्हर्ना


व्हेंचुरा, २२ फेब्रुवारी

लेलंड,

माझ्या आधीच्या दोन्ही पत्रांतली मागणी मी परत घेते. त्यामागचं कारण तू नाहीस.

रविवारी थिया जेवायला आली होती. मी कॅसरोल ओव्हनमधून काढत होते आणि ती प्लेटा मांडत होती. पाठ माझ्याकडे ठेवूनच म्हणाली, "आई, तू त्याला पत्रं लिहितेस ना?"

"कोणाला?"

"अगं आई."

"नाही लिहीत."

"बरं. लिहीत असलीस तर थांबव. तो म्हातारा कोण करणार ते मला ऑडिशनलाच सांगितलं होतं."

माझ्या हातातलं भांडं मी खाली ठेवलं. "आणि तू हो म्हणालीस?"

"भूमिका माझी आहे. त्याच्यामुळे एकदा सोडली, परत सोडणार नाही."

"तो तुला खाऊन टाकेल. मुद्दाम नाही करणार, त्याला दुसरं येतच नाही."

"खाऊ दे. मी चव्वेचाळीस वर्षांची आहे, आई, आता चावायलाही कठीण आहे. वाढ."

मी वाढलं. ती दोनदा जेवली. थियाची भूक कधी वाढते ते तुला माहीत असायला हवं होतं, पण नाही, म्हणून सांगते: घाबरली की.

तेव्हा तू जाणार आणि ती जाणार, हे ठरलं. आता नीट वाच.

एक, ती तुझी मुलगी आहे हे तिथे कोणालाही कळता कामा नये. तिने कोणाला सांगितलेलं नाही आणि योलांडाचं तोंड बंद आहे. तू बोललास तर ती दिवसभर 'लेलंडची मुलगी' होईल, आणि तिने काहीही केलं तरी ते तुझ्या खात्यावर जमा होईल.

सूचना द्यायची नाही. हे मागे लिहिलं, तरी पुन्हा.

आणि मुख्य. तुझं वय बघून ते तुझा क्लोजअप आधी घेतील. मग कोणीतरी अदबीने येऊन म्हणेल, तुमचं पॅक-अप झालं, गाडी तयार आहे. त्या वेळी जायचं नाही. तुझी कंबर मोडली तरी, दुसरीकडे तुझा सत्कार असला तरी. ती तुझ्या तोंडाकडे बघून 'तुमच्या भावाला जाळून झालंय' असं म्हणणार आहे आणि तिला समोर माणूस हवा. थांबायचं आणि पूर्ण ताकदीने तिला तुझे संवाद द्यायचे. लोकांच्या मगांवर जे छापलंस ते एकदा करून दाखव. हे मी मागते आहे असं समजू नकोस. तुझ्याकडून येणं आहे ते वसूल करते आहे.

तू गेलास, तर तुझ्या शनिवारच्या वर्गात येऊन मी पहिल्या रांगेत बसेन आणि तुझी ती तापाची गोष्ट संपली की हात वर करीन. मी लटक्या धमक्या देत नाही हे तुला लग्नापासून माहीत आहे.

व्हर्ना


४ मार्च

उद्या सकाळी. डोंगरातल्या रस्त्याचं काम चालू आहे, लवकर निघ. तिच्या मेकअपच्या खुर्चीजवळ फिरकू नकोस. तिच्यासाठी फुलं नकोत. उत्तर नको.

व्ह.


व्हेंचुरा, ११ मार्च

लेलंड,

तुझं पत्र पोहोचलं. या वेळी एकच पान. वाचून मला आधी वाटलं उरलेली पानं पाकिटात राहिली.

तू थांबायला तयार होतास, तिने थांबू दिलं नाही, मग तू गाडीत बसून राहिलास आणि स्टुडिओचे दिवे बंद झाल्यावर निघालास. एवढं लिहून खाली प्रश्न: 'तिचं काम कसं झालं?'

मला सगळं योलांडाकडून कळलं आहे. तिचं माझ्यासारखंच आहे, बघितलं की छापलं जातं. तुझ्या पत्रात दोन ठिकाणी तू स्वतःला कमी दाखवलं आहेस. अशी चूक तुझ्याकडून पहिल्यांदाच होते आहे. म्हणून नीट लिहून ठेवते, जे घडलं ते.

तुझा क्लोजअप दुपारच्या आत संपला. चांगला झाला. तो चांगला होणारच होता. ऑगी नावाचा तो सहायक पोरगा येऊन म्हणाला, "मिस्टर स्ट्राउड, तुमचं पॅक-अप! गाडी बाहेर आहे. कमाल केलीत, सर."

तू म्हणालास, "हिचं व्हायचंय. मी थांबतो."

"अहो सर, योलांडा वाचेल ना. सकाळपासून उभे आहात तुम्ही."

"मग बसतो. खुर्ची दे."

खुर्ची आणली. ती कॅमेऱ्याच्या कुठल्या बाजूला हवी हे तू कोणाला विचारलं नाहीस, तिची नजर जिथे पडायला हवी तिथे बरोबर नेऊन ठेवलीस. खुबा दुखत होता. बसताना तुझ्या तोंडून आवाज निघाला. हा आवाज खरा होता असं योलांडा म्हणते, आणि खरा-खोटा तिला कळतो.

तेवढ्यात खिडकीपलीकडून थिया म्हणाली, "ऑगी, मिस्टर स्ट्राउडना जाऊ दे. मला योलांडा चालेल."

ऑगीला वाटलं ती संकोचाने म्हणते आहे. "अगं, ते आपणहून थांबतायत! लोक या माणसासमोर बसायला फी भरतात."

"माहीत आहे. त्यांना जाऊ दे."

वर शिडीवर बसलेल्या दिवेवाल्याने शीळ घातली. एका दिवसाच्या कामाला आलेली, कोणी नाव न ऐकलेली बाई लेलंड स्ट्राउडला हाकलते आहे! दिग्दर्शक पोरगी तर लाल झाली. माफी कोणी कोणाची मागायची तेच तिला कळेना.

आणि इथे तुझ्या हातात एक वाक्य होतं. 'ती माझी मुलगी आहे.' एवढं म्हटलं असतंस तर सगळा स्टुडिओ विरघळला असता, कोणीतरी डोळे पुसले असते, तिला तुला थांबवून घ्यावंच लागलं असतं. योलांडा त्याचीच वाट बघत होती. मला म्हणाली, "व्हर्ना, मी देवाला म्हटलं, आता हा बोलणार." ते तुझ्या आयुष्यातलं सगळ्यात सोपं टाळ्यांचं वाक्य होतं, आणि टाळ्यांचं वाक्य तू कधी सोडलेलं मला आठवत नाही.

तू बोलला नाहीस. उठलास. खुर्ची धरून योलांडाला बसवलंस आणि दाराकडे चालू लागलास. मान खाली नाही, वरही नाही. नुसता चालत गेलास. पत्रात तू 'मी निमूटपणे बाहेर पडलो' असं लिहिलंस, खुर्चीचं लिहिलं नाहीस, आणि न बोललेल्या त्या वाक्याचंही नाही. मी लिहिते. आवडो न आवडो, घडलं ते लिहायचं.

याबद्दल मी तुझे आभार मानणार नाही. बावीस वर्षं उशिरा आलेल्या माणसाला हजेरी लावल्याचं कौतुक नसतं.

रविवारी मी थियाला विचारलं. गप्प बसायचं ठरवलं होतं, जमलं नाही.

"का घालवलंस त्याला?"

"तूच सांगितलं होतंस ना त्याला थांबायला?"

मी ब्रेड कापत राहिले.

"आई, तो थांबला असता तर ते दृश्य त्याच्या थांबण्याचं झालं असतं. एवढा मोठा नट, एवढा दमलेला, तरी थांबला. मी त्याच्याकडे बघत बसले असते, बरं वाटतंय का याला, खुश आहे का हा. मला त्या म्हाताऱ्याकडे बघायचं होतं. ज्याचा भाऊ गेलाय."

"पण योलांडा तर सपाट वाचते."

"हो ना. तिला माझ्याकडून काहीच नको असतं."

"त्या वेळी मी वाचलं, तेव्हा तुला जमलं नव्हतं."

"तेव्हा तू माझ्यासाठी रडू आवरून वाचत होतीस," ती म्हणाली. "मला दिसत होतं ते. योलांडाच्या तोंडावर काही नव्हतं. लोणी दे."

तेव्हा मी तुझ्याकडून जे वसूल करायला निघाले होते, ते तिला नकोच होतं. इतकी वर्षं माझी समजूत होती की ती त्याचीच वाट बघते आहे. वाट मी बघत होते. हे कळवते ते तुला कळवावंसं वाटलं म्हणून नाही. माझी एक मागणी चुकीची होती आणि तू ती पाळायला निघाला होतास, त्याचा हिशेब पुरा करते.

तुला वाटेल, पुढे काय. पुढे काही नाही. तिने तुला बोलावलेलं नाही. सोमवारी ती दवाखान्यात कामावर गेली. तुझा विषय तिने पुन्हा काढला नाही, रागानेही नाही, आणि तुझ्या जागी मी असते तर त्या रागाची मला जास्त आठवण आली असती.

आता तुझा प्रश्न. तिचं काम कसं झालं?

मला माहीत आहे. योलांडाने पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं सांगितलं, कुठे थांबली, कुठे वर बघितलं, काय केलं ते. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ स्वयंपाकघरात उभी होते आणि गॅसवरचं दूध उतू गेलं. यापेक्षा जास्त तुला मिळणार नाही.

पन्नास वर्षं तू लोकांना सांगत आलास की कोणाचं काम कसं झालं. या एका वेळी तुला थांबावं लागेल. मे महिन्यात दाखवणार आहेत. इतर सगळ्यांसारखा घरी बस, टीव्ही लाव आणि बघ.

बघून झाल्यावर काय वाटलं ते मला लिहू नकोस. तिला तर नकोच.

व्हर्ना लिंडक्विस्ट